विमानाजवळ ‘चालते नं’ चालत नाही

मागच्या अंकात शेतीपंपाच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी लिहून गेलो होतो की माझी उमेदीची वर्षं जेट विमानांची इंजिनं उघडण्यात गेली. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली तीन इथे घेतो. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी माझी ओळख थोडक्यात. गाव आर्वी तालुक्यात, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. १९८८ साली हवाई दलात भरती झालो, इंजिन फिटर हा ट्रेड मिळाला. बेळगावजवळ सांबऱ्याला कवायत आणि चेन्नईजवळ तांबरमला धंद्याचं शिक्षण झालं. चोवीस वर्षं नोकरी करून ज्युनिअर वॉरंट ऑफिसर म्हणून बाहेर पडलो, पुढे पाच वर्षं नागपूरला मिहानमधल्या एका हँगरमध्ये प्रवासी विमानांवर काम केलं. आता गावीच असतो, संत्र्याची बाग आहे.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा यंदा बारावी सायन्स पास झाला, ६२ टक्के पडले. अभ्यासात मधलाच आहे, पण त्याचा हात फार चालतो. विहिरीवरची मोटार तोच खोलतो, मळणीयंत्र बंद पडलं की अर्धं गाव त्यालाच बोलावते. मागच्या महिन्यात एका संस्थेचा माणूस गावात येऊन गेला. म्हणे दोन वर्षांत विमानाचा इंजिनिअर करून देतो, नोकरी हमखास. फी भरायची तर दोन एकर वावर विकावं लागते. त्याचा मामा म्हणते, अग्निवीर भर. आणि शेजारपाजारचे म्हणतात, शेवटी मिस्त्रीकामच नं ते, त्यासाठी वावर काहून विकता? काय करावं?
— एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

ताई, वावर विकू नका. निदान पुढचं सगळं तपासून होईपर्यंत तरी सौदा थांबवा.

त्या माणसाच्या बोलण्यात थोडं खरं आहे म्हणूनच ते धोक्याचं आहे. विमानाचं काम करून ‘हे विमान उडायला योग्य आहे’ अशी सही करणाऱ्याला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर म्हणतात. त्या सहीचं लायसन्स डीजीसीए हे केंद्र सरकारचं खातं देतं. संस्था शिकवते, लायसन्स देणं तिच्या हातात नसतं. शिकवायलाही तिला डीजीसीएची सीएआर-१४७ या नियमाखालची मान्यता लागते. मान्यता असलेल्या संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते. मुलाला तालुक्याला पाठवा, स्वतःच्या डोळ्यांनी ती यादी बघू द्या. संस्थेचं नाव आहे का, मान्यता आजच्या तारखेला चालू आहे का, आणि कोणत्या शाखेची आहे, हे तिन्ही बघायचं. बी-१ म्हणजे इंजिन आणि विमानाचा सांगाडा, बी-२ म्हणजे वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स. तुमच्या मुलाचा हात बघता बी-१ त्याला जवळचं वाटेल.

आता ती ‘दोन वर्षं’. ती फक्त वर्गातली. त्याशिवाय डीजीसीएच्या विषयवार परीक्षा असतात, आणि चालू विमानांवर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो, तोही वहीत तारीखवार भरलेला आणि वरच्याच्या सहीचा. सगळं मिळून चार वर्षं धरून चाला. विषय अडकले तर जास्त. लायसन्स हातात आल्यावरही प्रत्येक जातीच्या विमानाचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. एअरबस ए-३२० वर सही करणाऱ्याला बोइंग ७३७ वर ती आपोआप करता येत नाही. तोवर मुलगा टेक्निशियन म्हणून काम करेल, पाने हातात घेईल, पण सही दुसऱ्याची असेल आणि पगारही त्याच मानाचा. आमच्या हँगरमध्ये अशी कितीतरी पोरं होती, कोर्स झालेला, चार-पाच विषय राहिलेले. त्यातल्या दोघांच्या घरची जमीन गेलेली होती. रात्रपाळीत चहा पिताना त्यांनी मला ते सांगितलं, तेव्हापासून ‘हमखास’ हा शब्द ऐकला की मला राग येतो. तुम्ही त्या माणसाला म्हणा, हमखास नोकरी कागदावर लिहून द्या, कोणती कंपनी, कोणतं काम, किती पगार. तो काय करतो ते बघा.

मामा म्हणतात ती वाट स्वस्त आहे, जमिनीला हात लागत नाही. अग्निवीर वायू, म्हणजे हवाई दलातला अग्निवीर, त्यासाठी साडेसतरा ते एकवीस वय लागतं. बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी हवं, एकूण ५० टक्के आणि इंग्रजीतही ५० टक्के. मुलाची गुणपत्रिका काढून इंग्रजीचा आकडा आधी बघा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेला असतो, पण त्यातले ३० टक्के निधीत जातात, म्हणजे हातात २१,०००. चौथ्या वर्षी तो ४०,००० होतो. पण आमच्या वेळी वीस वर्षांचा करार असायचा, आता चार वर्षांचा आहे, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांनाच पुढे ठेवतात. बाकीचे दहा लाखांच्या वर रक्कम घेऊन घरी येतात. शिवाय कोणता ट्रेड मिळेल हे मुलाच्या हातात नसतं. तो ‘मला इंजिनावरच काम करायचं’ म्हणून गेला आणि दुसरीकडे लागला, असं होऊ शकतं. हे त्याला जाण्याआधी माहीत असू द्या. तरीही माझ्या घरचा मुलगा असता तर मी आधी हीच परीक्षा द्यायला लावली असती. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दसॉ कंपनीच्या मदतीने विमानाचा सांगाडा जोडण्याचा ट्रेड सुरू झालेला आहे, तिथेही एकदा चौकशी करून या.

आणि शेजारी जे म्हणतात, मिस्त्रीकाम. ताई, हो, मिस्त्रीकामच आहे. माझे वडील मिस्त्री होते आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, आणि ती मुलाच्या कौतुकातच दडलेली आहे. मळणीयंत्र बंद पडलं की तो चालू करून देतो. कसं करतो? मापाचा बोल्ट नसला तर जवळपासचा लावतो, तारेने आवळतो, टायरच्या ट्यूबचा तुकडा कापून पॅकिंग करतो, आणि म्हणतो, चालते नं. गावात हे लागतंच. सोयाबीन पडून आहे, वरून ढग आले आहेत, तेव्हा यवतमाळहून बोल्ट यायची वाट कोण बघेल? मीही तसाच वाढलो. विमानाजवळ गेल्यावर मला सगळ्यात जड गेलं ते हेच सोडणं.

१० जून १९९० ला इंग्लंडमध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक जेट बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालं. सतरा हजार फुटांवर गेल्यावर कॅप्टनसमोरची काच उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. आतल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचला. चौकशीत काय निघालं? ती काच उड्डाणाच्या आदल्या दिवशी पहाटे बदलली होती. नव्वद बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी फरकाने बारीक होते आणि उरलेले सहा लांबीला आखूड. बसवणारा नवशिका नव्हता, पाळीचा प्रमुख होता, नावाजलेला कामगार. स्टोअरवाल्याने त्याला बरोबर नंबर सांगितला होता. पण त्याने जुना बोल्ट हातात धरून नजरेने जोड शोधली. नजर पक्की आहे असा त्याचा विश्वास होता. हाताने चांगलं काम करणाऱ्या प्रत्येकाचा असतो, तुमच्या मुलाचाही असेल.

माझी स्वतःची गोष्टही सांगतो. १९९४ साल, पश्चिमेकडचा एक तळ, मी तेव्हा कॉर्पोरल. मिग-२१ या लढाऊ विमानाचं इंजिन काढायचं तर विमानाचा शेपटीकडचा भाग सोडवून ट्रॉलीवर मागे ओढावा लागतो. आम्ही इंजिन बदललं, शेपटी परत जोडली, रात्री नऊ वाजता हत्यारं मोजायला लागलो. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो, पाना जागेवर नसला तर रिकामा आकार तुमच्याकडे बघत राहतो. १०-११ चा पाना नव्हता. तो माझ्याच नावावर होता. शेजारच्या पेटीत अगदी तसाच पाना पडलेला होता, तो आणून टांगला असता तर कोणाला कळलं नसतं. पाच मिनिटं मी त्या पेटीकडे बघत उभा होतो, हे आज लिहितानाही मला आठवतं. मग सार्जंटला जाऊन सांगितलं. विमान थांबवलं, नोंद झाली, सकाळचं उड्डाण रद्द. थंडीत सहा जणांनी शेपटी पुन्हा सोडवली. साडेतीन वाजता पाना सापडला, मागच्या पंखाकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या दांड्याच्या बाजूला, एका फ्रेमवर आडवा पडलेला. वळताना घसरून त्या दांड्यात अडकला असता तर वैमानिकाच्या हातातली स्टिक हललीच नसती. इंजिनिअरिंग ऑफिसरने मला निष्काळजीपणाची लेखी ताकीद दिली आणि त्याच कागदावर खाली लिहिलं की याने स्वतःहून कळवलं. त्या कागदाची प्रत माझ्याकडे अजून आहे.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो. सगळे वैमानिकांबद्दल बोलत होते आणि ते बरोबरच आहे. मला मात्र तो पाना दिसत होता.

म्हणून फॉर्म भरण्याआधी घरी एक करा. मुलाला एखादी जुनी मोटार खोलायला सांगा. काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक वायसर वहीत लिहायचा, कुठून काढला तेही. मग जोडू द्या. शेवटी एक वायसर उरला तर तो काय करतो ते लांबून बघा. खिशात टाकून मोटार चालू केली, तर अजून त्याला घडायचं आहे. कंटाळा न करता पुन्हा खोलायला बसला, तर ताई, हा मुलगा या कामाचा आहे, आणि मग मी स्वतः त्याच्याबरोबर नागपूरला कॉलेजं बघायला येईन.

प्रश्न : काका, मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विमानाच्या कामात मुलींना घेतात का? घरचे म्हणतात, वजन उचलावं लागते, रात्रपाळी असते, तुला जमणार नाही. माझी खरी भीती वेगळी आहे. माझं शिक्षण सगळं मराठीतून झालं, इंग्रजी फार कच्चं आहे.
— एक विद्यार्थिनी, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

घेतात. हवाई दलात अग्निवीर म्हणून मुली २०२३ पासून आहेत, आणि इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा तिथे बारावीऐवजी चालतो, तेव्हा दुसऱ्या वर्षात डिप्लोमा सोडायचा विचारही करू नकोस. नागरी हँगरमध्ये तर मुली माझ्या वेळीच होत्या. वजनाचं म्हणशील तर चाक, इंजिन, दरवाजा, जड ते सगळं ट्रॉली आणि क्रेनने हलतं, एकट्याने उचलायची परवानगी पुरुषालाही नसते. उलट अरुंद जागेत, इंधनाच्या टाकीत किंवा चाकांच्या कप्प्यात, लहान चणीच्या माणसाला आधी हाक मारतात. रात्रपाळी मात्र खरी आहे आणि ती टळणार नाही. प्रवासी विमानं जास्त करून दिवसा उडतात, तपासणीला बहुधा रात्रीच हाती लागतात. घरच्यांना हे आत्ताच स्पष्ट सांग. उन्हाचं मी तुला सांगायची गरज नाही, मेच्या दुपारी पत्र्यावर हात ठेवला की काय होतं ते मेहकरच्या मुलीला माहीत आहे. विमानाचा पत्रा तसाच तापतो.

इंग्रजीची भीती माझ्याही पोटात होती. पण एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. विमानाच्या दुरुस्तीची पुस्तकं मुद्दाम सोप्या इंग्रजीत लिहिलेली असतात. जगभरचे टेक्निशियन ती वाचतात, त्यांतल्या बहुतेकांची मायबोली इंग्रजी नसते, म्हणून त्यासाठी एक ठरवलेली भाषाच आहे, सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश. तिच्यात सर्वसाधारण शब्द जेमतेम नऊशेच्या आसपास, एका शब्दाचा शक्यतो एकच अर्थ, वाक्यं आखूड. ‘फॉल’ म्हणजे वरून खाली पडणं, एवढंच. दाब ‘कमी झाला’ यासाठी तो वापरायचा नाही, त्याला दुसरा शब्द ठरलेला आहे. कादंबरीचं इंग्रजी अवघड, कारण तिथे अर्थ पसरलेला असतो. इथे अर्थ खिळ्यासारखा ठोकलेला आहे.

मी शिकलो तो मार्ग सांगतो. रोज एक पान मोठ्याने वाचायचं, मग तेच काम मराठीत, आपल्या बोलीत, कोणाला तरी समजावून सांगायचं. मी बिऱ्हाडातल्या सोबत्याला सांगायचो, तो सातारचा होता, त्याला माझं वऱ्हाडी कळायचं नाही म्हणून मला आणखी नीट सांगावं लागायचं. जिथे मराठीत अडखळायचो, तिथे इंग्रजीही कळलेलं नसायचं. तू तुझ्या आईला समजावून सांग. आणि कधीही, अगदी कधीही, पुस्तकातलं वाक्य अर्धं कळलं असताना पान्याला हात घालू नकोस. वरच्याला विचार. पहिल्या वर्षी लोक हसतील. तिसऱ्या वर्षी तेच तुझ्याकडे विचारायला येतील.

प्रश्न : मी सत्तरीचा शेतकरी आहे. किर्लोस्करच्या डिझेल इंजिनावर उभी हयात ओलित केलं. विमानाचं इंजिन आणि आमचं इंजिन यात फरक काय असते जी? आणि म्हणे एखादा खडा गेला तरी ते खराब होते, हे खरं काय?
— चांदूर रेल्वे तालुका, जि. अमरावती

बाबाजी, तुमचं पत्र वाचून वडिलांचा आवाज ऐकल्यासारखं झालं.

काम दोन्हीकडे तेच. हवा आत घ्यायची, दाबायची, त्यात तेल जाळायचं आणि धूर बाहेर टाकायचा. तुमच्या इंजिनात हे एकाच नळकांड्यात पाळीपाळीने होतं, म्हणून ते ठकठक करतं. जेटमध्ये चारही कामं एकाच वेळी, एकापाठोपाठच्या खोल्यांत, न थांबता चालू असतात. पुढे पात्यांच्या रांगा हवा दाबत नेतात, मधे आग, मागे दुसऱ्या पात्यांवर ती तापलेली हवा आदळून त्यांना फिरवते, आणि तीच पाती दांड्याने पुढच्या पात्यांना फिरवतात. आगीजवळच्या पात्यांवरून जाणारा वायू इतका गरम असतो की ते पातं ज्या धातूचं आहे तो धातू वितळून जावा. वितळत नाही, कारण पातं आतून पोकळ असतं, त्याला बारीक भोकं असतात आणि त्यांतून सतत हवा बाहेर येऊन पात्यावर पातळ पांघरूण घालते. ते पातं मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा बोटाएवढं होतं, आणि मी ते बराच वेळ खाली ठेवलं नाही.

खड्याचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे. माझे वडील जिनिंगमध्ये कापूस ओतायच्या जागी तासन् तास उभे राहायचे. कापसातून एखादा खिळा, एखादा दगड मशीनमध्ये गेला तर ठिणगी उडते आणि कापसाची गंजी पेटते. तीच धास्ती मला पुढे आयुष्यभर पुरली. विमानतळावर रोज सकाळी आम्ही ओळीने उभे राहून, हातभर अंतर सोडून, खाली बघत चालायचो, आणि खडा, तार, नट, दिसेल ते उचलायचो. तुमच्या वावरात बाया ओळीने कापूस वेचायला लागतात ना, तसंच. अधिकारीही त्या ओळीत असायचे. २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ काँकॉर्ड हे प्रवासी विमान पडलं, ११३ माणसं गेली. धावपट्टीवर दुसऱ्या विमानातून गळून पडलेली हातभर लांबीची एक धातूची पट्टी होती, ती चाकाखाली आली. टायर फाटला, त्याचा तुकडा पंखातल्या इंधनाच्या टाकीवर आदळला आणि आग लागली. ती पट्टी कोणी वेळेत उचलली असती तर!

खडा इंजिनात गेल्याचा संशय आला की आम्ही लगेच इंजिन खोलत नाही. डॉक्टर पोटात दुर्बीण घालतात तशी एक लांब, वाकणारी दुर्बीण असते, बोरोस्कोप. ती एका बारीक भोकातून आत घालायची, एक जण बाहेरून इंजिन हाताने हळूहळू फिरवतो, आणि दुसरा एकेक पातं डोळ्यासमोरून जाऊ देतो. शेकडो पाती. मान आखडते, डोळ्यांत पाणी येतं, पण मोजणी चुकली तर पहिल्यापासून. कुठे कड तुटलेली दिसली की तिची खोली मोजायची आणि पुस्तकात दिलेल्या मर्यादेशी ताडायची. मर्यादेच्या आत असेल तर बारीक कानशीने ती जागा गुळगुळीत करायची, म्हणजे तिथून चीर वाढत नाही, आणि नोंद करून सही करायची. केसभर बाहेर असेल तर इंजिन खाली उतरतं. एकदा पहाटे चार वाजता मी असं एक इंजिन उतरवायला सांगितलं होतं. सहा वाजता ते विमान निघायचं होतं, वैमानिक तयार होऊन आला होता. त्याने बोरोस्कोपच्या भिंगाला डोळा लावून ती कड स्वतः पाहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हेल्मेट काखेत धरून परत गेला.